आधी एरर वाचा

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक मत इतकं मुरलंय की ते मत आहे हेसुद्धा आता कुणाच्या लक्षात येत नाही. कंपाइल एरर हे काम नव्हे, कामातला अडथळा आहे, असं ते मत. लायब्ररी उतरवली, बिल्ड करायला घेतली आणि पडदाभर लाल अक्षरं आली, तर त्यात डोकं घालू नये. शेवटच्या दोन ओळी उचलाव्यात, शोधात टाकाव्यात, जे पहिलं उत्तर दिसेल ते लावून बघावं. नाही चाललं तर दुसरं. तेही नाही चाललं तर लायब्ररीचं व्हर्जन मागे न्यावं, एखादा फ्लॅग टाकावा, आणि अलीकडे सगळा लॉग उचलून एआयला द्यावा. बिल्ड हिरवं झालं की विषय संपला. ते का फुटलं होतं हे विचारत बसणारा वेळ घालवतो, न विचारता पुढे जातो तो हुशार. डोकं लागतं ते डिझाइनला आणि अल्गोरिदमला. बिल्ड दुरुस्त करणं ही हमाली.

हे मत मी हिंजवडीतल्या ऑफिसांत ऐकलंय, उमेदवारांच्या तोंडून मुलाखतींत ऐकलंय, आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये तर ते एक शब्दही न बोलता शिकवलं जातं. मला ते सपशेल चुकीचं वाटतं. त्यातून होणारं नुकसान नवशिक्यांपुरतं राहत नाही, म्हणून ते गप्प बसून ऐकून घेणंही मला पटत नाही.

पहिला बचाव नेहमी हाच असतो की मेसेज कळण्यासारखे नसतातच, मग वाचायचे कशाला? एके काळी या तक्रारीत तथ्य होतं. सीप्लसप्लसच्या टेम्प्लेटमध्ये एक चूक झाली की कंपायलर पानंच्या पानं ओकायचा. पण तो काळ कधीच मागे पडला. क्लँगने सुरुवातीपासून समजतील अशा मेसेजवर भर दिला. जीसीसीने २०१३ साली ४.८ व्हर्जनमध्ये चुकलेली ओळ छापून तिच्याखाली नेमक्या जागी खूण करायला सुरुवात केली. रस्टच्या कंपायलरला एररचा नंबर दिला की तो उदाहरणासकट समजावून सांगतो. गेल्या दहा-बारा वर्षांत कंपायलर लिहिणाऱ्या माणसांनी या एका गोष्टीवर प्रचंड मेहनत घेतली आहे. ते मेसेज वाचायचेच नाहीत असं ठरवलेल्या माणसाने ते अगम्य असल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

एक अगदी साधा प्रसंग सांगतो. टीममध्ये नव्याने आलेली एक मुलगी एक जुनी, चांगली चालणारी लायब्ररी नव्या मशीनवर बिल्ड करत होती. कंपायलर होता जीसीसी १३. पडदा खालपर्यंत लाल.

"सर, ही लायब्ररीच फुटलीये. नवीन कंपायलरला सपोर्टच नाहीये तिचा. जुना जीसीसी टाकू का?"

"पहिली एरर काय आहे?"

"पहिली नाही बघितली. शेवटची ही बघा ना, क्लासमध्ये असा मेंबरच नाही म्हणतोय."

वर सरकवत नेल्यावर पहिली एरर सापडली. लायब्ररीच्याच एका हेडरमध्ये 'यूइंट३२_टी' हा टाइप माहीत नाही, असं कंपायलर म्हणत होता. त्याच्या लगेच खाली टिपेची ओळ होती: हा टाइप 'सीस्टडइंट' या हेडरमध्ये असतो, तो इन्क्लूड करायला विसरलात का? तिने हेडरच्या माथ्यावर ती एक ओळ घातली आणि खालच्या सगळ्या एरर गेल्या. सगळ्या, म्हणजे ती मेंबर नसल्याची सुद्धा. टाइप न कळल्यामुळे कंपायलरने तो मेंबर नोंदवलाच नव्हता, मग पुढे तो जिथे जिथे वापरला होता तिथे तिथे त्याला तो सापडेना.

मग तिने विचारलं, "पण मग आधी कसं चालत होतं?"

या सगळ्या खटाटोपात विचारण्यासारखा प्रश्न एवढाच आहे, आणि 'पुढे सरका' म्हणणारे नेमका तोच विचारू देत नाहीत. आधी चालत होतं कारण स्टँडर्ड लायब्ररीची दुसरी हेडरं आतल्या आत 'सीस्टडइंट'ला ओढून आणत होती. २०२३ साली आलेल्या जीसीसी १३ मध्ये ही आतली ओढाओढ कमी झाली, त्यामुळे जी हेडरं न सांगता मिळत होती ती मिळेनाशी झाली. म्हणजे चूक लायब्ररीतच होती आणि कित्येक वर्षं होती, फक्त ती झाकलेली होती. जुना जीसीसी टाकला असता तर चूक पुन्हा झाकली गेली असती आणि एका ओळीच्या कामासाठी अख्खी टीम जुन्या कंपायलरला बांधली गेली असती. उत्तर मेसेजमध्ये छापलेलं होतं. ते वाचायला कोणती मोठी विद्या लागते?

याच समजाचं दुसरं अंग म्हणजे सगळ्या एरर एकाच माळेत ओवणं. 'कंपाइल होत नाही' एवढंच सांगणाऱ्या माणसाला मी नेहमी विचारतो, कोण म्हणतंय होत नाही? 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणणारा प्रीप्रोसेसर असतो. त्याला हेडर सापडलेलं नाही. लिनक्सवर बहुतेक वेळा लायब्ररी आहे पण तिचं डेव्ह पॅकेज टाकलेलं नाही, किंवा इन्क्लूडचा रस्ता चुकलाय. टाइप जुळत नाही म्हणणारा खरा कंपायलर. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणणारा लिंकर, आणि तो बोलू लागला याचा अर्थ हेडर सापडलंय, कोड कंपाइलही झालाय, फक्त फंक्शनचा प्रत्यक्ष देह कुठे मिळत नाहीये. अशा वेळी हेडरच्या रस्त्यात बदल करत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि बिल्ड नीट होऊन प्रोग्राम चालवताना शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही अशी ओळ आली, तर तिथे कंपायलर आणि लिंकर दोघांचंही काम संपलेलं असतं. चार वेगळ्या टप्प्यांवरची चार वेगळी माणसं बोलतायत. कोण बोलतंय हे न बघता उत्तर शोधायला निघालेला माणूस हाताला येईल ते लावून बघणार, दुसरं काय करणार?

लिंकरच्या मेसेजमध्ये तर पुष्कळदा कारणच लिहिलेलं असतं. जीसीसी ५ मध्ये, २०१५ साली, सीप्लसप्लसच्या स्ट्रिंगची आतली मांडणी बदलली. नव्या मांडणीतल्या नावांत 'सीएक्सएक्स११' ही खूण आली. तुमचा कोड नव्या पद्धतीने आणि दुकानातून तयार आणलेली लायब्ररी जुन्या पद्धतीने बांधलेली असली, की लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो आणि त्या नावात ती खूण छापतो. ती दिसली की निदान झालं: लायब्ररी पुन्हा बांधायची, किंवा ते शक्य नसेल तर आपला कोड जुन्या मांडणीने बांधायचा. ती न बघता लोक लायब्ररी काढून पुन्हा टाकतात, पुन्हा काढतात, मग लिंकचा क्रम उलटसुलट करतात, आणि शेवटी ती लायब्ररी टाकाऊ आहे असा निकाल देऊन मोकळे होतात.

हा निकाल देण्याची घाई फार जुनी आहे. एरर लायब्ररीच्या फाइलमध्ये दिसली की चूक लायब्ररीची, हे गृहीतच धरलं जातं. सीप्लसप्लसच्या लिस्टवर स्टँडर्ड लायब्ररीचं सॉर्ट चालवून बघा. एरर येईल ती कंपायलरबरोबर आलेल्या अल्गोरिदमच्या फाइलमध्ये, तुम्ही कधी न उघडलेल्या ओळीवर. वजाबाकीचा ऑपरेटर मिळत नाही, असं ती म्हणेल. मग स्टँडर्ड लायब्ररीत चूक आहे का? जरा वर बघा. 'रिक्वायर्ड फ्रॉम हिअर' लिहिलेली एक ओळ आहे आणि तिथे तुमच्या फाइलचं नाव आणि तुमच्या ओळीचा नंबर आहे. सॉर्टला कुठल्याही जागी थेट उडी मारता येणारा इटरेटर लागतो, लिस्टमध्ये एकेक घर चालत जावं लागतं. दोन जागांमधलं अंतर वजाबाकीने काढता येत नाही, म्हणून वजाबाकीची तक्रार. लिस्टला तिचं स्वतःचं सॉर्ट आहे, ते वापरायचं होतं. मेसेज लांब आहे हे खरं, पण त्यात तुमचा पत्ता स्पष्ट लिहिलाय.

आता व्हर्जन मागे नेण्याबद्दल. 'जुन्या व्हर्जनवर चालतं, मग नव्याचा हट्ट कशाला?' हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, म्हणूनच ते घातक आहे. ओपनएसएसएलचं बघा. बँकांपासून सरकारी पोर्टलांपर्यंत सर्वत्र सुरक्षित जोडणीसाठी वापरली जाणारी ही लायब्ररी. ऑगस्ट २०१६ मध्ये तिचं १.१.० व्हर्जन आलं आणि जगभर बिल्ड फुटली. एरर साधारण एकच होती: टाइप अपुरा आहे, त्याच्या आत हात घालता येत नाही. कारण उघड होतं. तोवर वापरणारे लोक लायब्ररीच्या स्ट्रक्चरमधल्या आतल्या खणांना थेट हात घालत होते, त्यामुळे लायब्ररीवाल्यांना आत काही बदलायची सोयच उरली नव्हती. त्यांनी ते खण बंद केले आणि आत बघण्यासाठी, बदलण्यासाठी फंक्शनं दिली. ती एरर म्हणजे नव्या कराराची सूचना होती: आता थेट हात घालू नका, या दाराने या.

सूचना वाचणाऱ्यांनी आपला कोड सरळ केला. न वाचणाऱ्यांनी १.०.२ वर परत जाऊन सुटकेचा निःश्वास टाकला. त्या १.०.२ चा सार्वजनिक आधार ३१ डिसेंबर २०१९ ला संपला. त्यानंतर सापडणाऱ्या भोकांवर मलमपट्टी मिळायची ती पैसे मोजून करार करणाऱ्यांनाच. बाकीचे लोक सुरक्षेसाठी आणलेली लायब्ररी असुरक्षित अवस्थेत चालवत राहिले, आणि का? तर तीन वर्षांपूर्वीची एक कंपाइल एरर वाचायचा कंटाळा आला म्हणून. याला व्यवहारी निर्णय म्हणायचं असेल तर निष्काळजीपणा कशाला म्हणायचं?

फ्लॅगचा उपाय याहून वाईट, कारण तो लगेच लागू पडतो. सी भाषेत जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर जुना कंपायलर गृहीत धरायचा की ते पूर्णांक परत देतं. १९९९ च्या स्टँडर्डने ही मुभा काढून घेतली. तरी कंपायलर जवळजवळ पंचवीस वर्षं नुसता इशारा देऊन सोडून देत राहिले, कारण जुना कोड फुटला असता. क्लँगने २०२३ मध्ये १६ व्या व्हर्जनला ती एरर केली, जीसीसीने मे २०२४ मध्ये १४ व्या व्हर्जनला. लगेच ओरडा झाला: 'काल चालणारी लायब्ररी आज चालत नाही, कंपायलरवाले डोक्यावर पडलेत.' आणि लगेच सल्ला आला: परमिसिव्ह फ्लॅग टाका, एररचा पुन्हा इशारा होईल.

होईल, पण मग पुढे? समजा ते फंक्शन प्रत्यक्षात पॉइंटर परत देतं. ६४ बिटांच्या मशीनवर पॉइंटर ६४ बिटांचा, पूर्णांक ३२ बिटांचा. कंपायलरने पूर्णांक गृहीत धरला की पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. पत्ता लहान असेल तर काहीच बिघडत नाही, टेस्टमध्ये सगळं पास. दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या सेटिंगला मेमरी वरच्या पत्त्यावर मिळाली की प्रोग्राम कोसळतो, आणि तेही भलत्याच ओळीवर. तिथून मूळ कारणापर्यंत यायला किती रात्री जातात हे ज्याने असा बग शोधलाय त्याला विचारा. ज्या चुकीची फाइल, ओळ आणि नाव कंपायलर फुकट सांगत होता, ती चूक तुम्ही स्वतःच्या हाताने ग्राहकाच्या सर्व्हरवर नेऊन ठेवलीत. घरात फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालणारे लोक असतात. दिवे लागतात, आणि त्याच लोकांना वाटतं आपण दुरुस्ती केली. फ्लॅग कधीच टाकू नये असं मी म्हणत नाही, जुना कोड टप्प्याटप्प्याने दुरुस्त करताना तो लागतो. पण तो का टाकला हे शेजारी लिहिता येत नसेल, तर टाकू नये.

आता मी अशा ठिकाणी येतो जिथे 'बिल्ड म्हणजे हमाली' हे मत नुसतं चुकीचं राहत नाही, धोक्याचं होतं.

लायब्ररी बांधण्याआधी कॉन्फिगर किंवा सीमेक यांच्या स्क्रिप्ट मशीनची चाचणी घेतात. अमुक फंक्शन आहे का, तमुक हेडर आहे का, हे बघण्यासाठी त्या चार ओळींचा प्रोग्राम लिहितात आणि कंपाइल करून बघतात. झाला तर सोय आहे, नाही झाला तर सोय नाही, असं धरून पुढे जातात. तुमच्या पडद्यावर फक्त 'नाही' असं येतं. म्हणजे इथे कंपाइल एरर तुमच्या डोळ्यांआड गिळली जाते. चाचणीच्या त्या प्रोग्राममध्येच चूक असेल, तर मशीनवर असलेली सोयसुद्धा नाही ठरते आणि लायब्ररी तिच्याशिवाय बांधली जाते. एररही नाही, इशाराही नाही.

२०२४ साली एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरने तो जाहीर केला. सर्व्हरवर लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त का जातोय आणि व्हॅलग्राइंड हे साधन कुरकुर का करतंय, हे दोन छोटे प्रश्न त्याने सोडून दिले नाहीत. एवढ्यावर जगातले असंख्य लिनक्स सर्व्हर वाचले. त्या चोरदरवाज्याचा गाभा टेस्टच्या फाइलींमध्ये लपवलेला होता आणि तो लायब्ररीत घुसवायचं काम बिल्डच्याच स्क्रिप्टमध्ये दडवलेलं होतं, कारण तिकडे कुणी बघत नाही हे लपवणाऱ्याला ठाऊक होतं. त्याच प्रोजेक्टच्या सीमेकच्या फाइलमध्ये नंतर आणखी एक गोष्ट सापडली. लँडलॉक नावाची कर्नेलची एक सोय आहे, ती प्रोग्रामला कुंपण घालते. ती मशीनवर आहे का, हे बघणाऱ्या चाचणी-प्रोग्राममध्ये एका ओळीवर एक टिंब टाकलेलं होतं. नुसता पूर्णविराम. त्या टिंबामुळे चाचणी कधीच कंपाइल होऊ शकत नव्हती. ती फसायची, स्क्रिप्ट म्हणायची लँडलॉक नाही, आणि सीमेकने बांधलेल्या एक्सझेडचं कुंपण निमूटपणे बंद राहायचं.

एका टिंबाची कंपाइल एरर मुद्दाम रचली गेली. ती वाचली जाणार नाही, यावर विसंबून. सीमेक अशा फसलेल्या चाचण्यांची पूर्ण एरर बिल्डच्या डिरेक्टरीतल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. उघडून बघणाऱ्याला ते टिंब दिसलं असतं. आता सांगा, ही हमाली आहे का? ज्या कामाकडे आपण तुच्छतेने बघतो तिथेच हल्लेखोर घुसतो, कारण आपली नजर तिथे नाही हे त्याला आपल्याहून जास्त कळतं.

'पण वेळ कुठे आहे?' वेळ कुणाचा जातो ते मोजून बघा. समांतर बिल्ड चालू ठेवून चार फाइलींच्या एरर एकमेकांत मिसळू देणारा, शेवटून वाचायला लागणारा, दहा ठिकाणची दहा उत्तरं लावून बघणारा आणि त्यातलं कुठलं लागू पडलं हे न कळल्यामुळे दहाही कोडमध्ये ठेवून देणारा माणूस अख्खी दुपार घालवतो. दुसरा माणूस बिल्ड एका धाग्यावर चालवतो, पहिल्या एररला थांबायला सांगतो, कंपायलरला दिलेली संपूर्ण आज्ञा छापून घेतो आणि हेडर नक्की कुठून येतंय ते बघतो. पुष्कळदा दिसतं काय, तर हेडर उचललंय यूझर-लोकलमधल्या नव्या व्हर्जनचं आणि लिंक होतेय सिस्टीममधल्या जुन्या लायब्ररीशी. तरीही कळलं नाही तर तो लायब्ररी बोलावणारी दहा ओळींची वेगळी फाइल लिहून तेवढीच कंपाइल करून बघतो. याचं काम चहाच्या आत संपतं.

राहिला एआय. 'आता वाचायची गरजच काय, मशीन वाचतं ना', हे या मताचं ताजं रूप. मशीन वाचतं, बऱ्याचदा बरोबर सांगतं, आणि मी कुणाला ते वापरू नका म्हणणार नाही. पण त्याला तुम्ही देता काय? पडद्यावर उरलेल्या शेवटच्या चाळीस ओळी. पहिली एरर त्यात नसतेच. तुमच्या मशीनवर कोणती दोन व्हर्जनं शेजारी नांदतायत हे त्याला दिसत नाही, तुम्ही सांगितलंत तरच कळतं, आणि काय सांगायचं हे एरर वाचल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. ते कधी त्या लायब्ररीत नसलेलं फंक्शन ठामपणे सुचवतं, कधी अगदी सहजपणे तोच परमिसिव्ह फ्लॅग पुढे करतं. दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा माणूस लागतोच. ज्याने आयुष्यात एकही एरर शेवटपर्यंत वाचलेली नाही, तो हे कशाच्या जोरावर ठरवणार? साधन जितकं जास्त बोलकं, तितका वाचणारा माणूस जास्त पक्का हवा.

या सगळ्याचं मूळ मला आपल्या लॅबमध्ये दिसतं, आणि त्याबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. महाराष्ट्रातल्या किती कॉलेजांत पोरांनी पहिला प्रोग्राम टर्बो सीप्लसप्लसच्या निळ्या पडद्यावर लिहिला! बोरलँडचा तो कंपायलर १९९० च्या सुमाराचा, सीप्लसप्लसचं पहिलं स्टँडर्ड १९९८ चं. भाषेचे नियम ठरण्याआधीच्या कंपायलरवर आपण एकविसाव्या शतकातल्या मुलांना भाषा शिकवत राहिलो. ती मुलं बाहेर पडून जीसीसीसमोर बसतात तेव्हा त्यांचा पहिलाच प्रोग्राम 'कोनिओ'चं हेडर नाही म्हणून अडतो, आणि त्यांना वाटतं आपल्यालाच काही येत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रॅक्टिकलची रीत. एरर आली की सर येतात, कीबोर्ड ओढतात, अर्धविराम टाकतात, निघून जातात. आउटपुट आलं की जर्नलवर सही. एक्स्टर्नल विचारतात, "रन झाला का?" एवढंच. चार वर्षांत एकदाही कुणी त्या मुलाला म्हणत नाही की ही ओळ मोठ्याने वाच आणि तिचा अर्थ मला सांग.

वर पुन्हा सांगतात की मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी मेसेज कळत नाहीत. हा त्या मुलांचा अपमान आहे. कंपायलरची भाषा मोजक्या शब्दांची आहे. अमुक हवं होतं, तमुक मिळालं. हे जाहीर केलेलं नाही. हे आधीच एकदा लिहिलंय. हे दोन प्रकार जुळत नाहीत. हे कुठे सापडलं नाही. तीच ती वाक्यं आयुष्यभर येत राहतात. बारावीला इंग्रजीत भौतिकशास्त्राचा पेपर सोडवलेल्या मुलाला ही वाक्यं एका आठवड्यात पाठ होतील. अडतं ते भाषेपाशी नाही. मेसेज वाचायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून परीक्षा घेणाऱ्यांना आणि मुलाखत घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. कोऱ्या फळ्यावर लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावणं थोडं थांबवा. उमेदवारासमोर एक खरी लायब्ररी ठेवा, नव्या कंपायलरवर न बांधली जाणारी, आणि तिचा पूर्ण लॉग. उत्तर मागू नका. फक्त एवढं विचारा: पहिली एरर कुठे आहे, ती कोण देतंय, कुठल्या फाइलमुळे देतंय, आणि काल हेच चालत होतं तर ते कशाच्या आधारावर चालत होतं.